निवाऱ्यासाठी मायक्रोचिप स्कॅनर: घ्यावा, पण सगळ्या फ्रिक्वेन्सींचा

हरवलेलं कुत्रं-मांजर घरी पोचवायचं, तर महापालिकेच्या निवाऱ्यातलं सर्वांत उपयोगी यंत्र म्हणजे प्राण्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचणारा हा स्कॅनर. घेताना एक गोष्ट आधी तपासा: 134.2 किलोहर्ट्झच्या 15 अंकी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) चिपबरोबर 125 आणि 128 किलोहर्ट्झच्या जुन्या चिपही तो ओळखतो का? फक्त 134.2 वाचणारा घेतला, तर जुनी चिप असलेला प्राणी बेवारस म्हणून नोंदला जातो. ही चूक प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

वाचनाचं अंतर जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणून स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश, नागमोडी फिरवायचा. सुरुवात खांद्यांच्या मधून, मग मान, दोन्ही बाजू, पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत. चिप कातडीखाली सरकलेली असू शकते. घाई केली की हमखास चुकतं, कारण अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र त्या आळीपाळीने तपासतं आणि त्याला वेळ लागतो. धातूचं टेबल, पट्ट्याचं बक्कल, शेजारचा मॉनिटर, उतरलेली बॅटरी यांनीही वाचन हुकतं. रोज सकाळी एका चाचणी चिपवर यंत्र तपासून घ्यावं. प्राणी आत घेताना, डॉक्टरांच्या तपासणीत आणि दत्तक देण्याआधी, असं किमान तीनदा स्कॅन करावं.

चिपमध्ये फक्त क्रमांक असतो, मालकाचा पत्ता नाही; तो त्या क्रमांकाच्या नोंदणीत असतो. नोंदणीतला फोन जुना निघाला तर यंत्र काहीच करू शकत नाही. त्यासाठी काउंटरवरच नोंद दुरुस्त करून देण्याची सोय हवी.