‘सचित्र’ म्हणून घेतलेली ‘ॲलिस’ : सात महिन्यांनंतर

दिवाळीत ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या या इंग्रजी आवृत्तीला मी पाचपैकी चार तारे दिले असते. २४० रुपयांत जाड कागद, ठसठशीत टाइप. मुलगी सहावीत आहे. जेवणं झाली की धुळ्यातल्या आमच्या गच्चीवर रोज दोन पानं वाचायचो. चित्रं विरळ होती, पण ते मला बरंच वाटलं. चित्र दिलं की मूल स्वतः काही कल्पना करत नाही, असं माझं मत होतं.

मग ग्रिफन आला. लेखक लुइस कॅरोलनं त्याचं वर्णनच केलेलं नाही. कंसात एवढंच लिहिलंय, की ग्रिफन म्हणजे काय ते ठाऊक नसेल तर चित्र बघा. आणि चित्रच नाही! मुलीनं पान उलटलं, पुन्हा मागं गेली. माझ्या आईनं अहिराणीत विचारलं, “हाई काय शे?” गरुडाचं डोकं, सिंहाचं धड असं मी सांगू लागलो, तर म्हणाली, किल्ल्याच्या दरवाजावर शरभ असतो, तसा का? साधारण तसाच, पण चोचीचा.

त्याच रात्री मोजलं. मूळ चित्रकार जॉन टेनिएलची चित्रं ४२, आमच्या पुस्तकात २९. मुखचित्रसुद्धा गाळलंय, राजानं केसांच्या टोपावर मुकुट कसा चढवला ते त्यातच बघा, असं लेखक खटल्याच्या प्रकरणात सांगतो.

विक्रेत्याला फोन केला. “मजकूर पूर्ण आहे ना? चित्रं शोभेला असतात.” वर परत घेण्याची मुदत संपलेली. १८६५ साली चित्रं नीट उठली नाहीत अशी टेनिएलची तक्रार आली, तेव्हा कॅरोलनं २००० प्रतींची पहिली छपाई मागं घेतली होती. त्याच पुस्तकाबद्दल हे ऐकायचं! टेनिएल १९१४ साली वारला, म्हणजे चित्रांच्या हक्काचे पैसेही कुणाला द्यायचे नव्हते.

शेवटी गाळलेली १३ चित्रं झेरॉक्सवाल्याकडून तीन रुपयांप्रमाणे छापून घेतली आणि जागच्या जागी चिकटवली. ३९ रुपये. माझं मत बदललं ते इथं. चहापानाच्या प्रकरणात टोपीवाला आम्हाला नुसताच वेडगळ वाटला होता. चित्रात त्याच्या टोपीवर १०/६ अशी किमतीची चिठ्ठी आहे, दहा शिलिंग सहा पेन्स. ती मजकुरात कुठंच नाही.

“पप्पा, डोक्यावरचीच टोपी विकायला काढलीय त्यानं?”

पुढं खटल्यात तो राजाला सांगतो, की टोप्या विकायच्या आहेत, माझी स्वतःची एकही नाही. पहिल्या वाचनात ते वाक्य आम्ही तसंच ओलांडलं होतं. या वेळी मुलीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि चहापानाचं प्रकरण पहिल्यापासून वाचायला बसली.