कुत्र्याच्या 'हॉस्टेल'ला दिलेले ३३,२०० रुपये

लिहू की नको, यातच चार दिवस गेले. माझं लातुरात मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून गिऱ्हाइकाला दम देणारा मी, आणि मीच गंडलो. हसायचं तर हसा, पण घरात कुत्रं असेल तर पूर्ण वाचा.

आमचा ब्राउनी, पिवळा लॅब्राडोर, तेव्हा आठ महिन्यांचा, वजन २७ किलो. पिलू होता तोवर 'बस' म्हटलं की बसायचा. सातव्या महिन्यानंतर बहिरा झाल्यासारखा वागायला लागला. साखळीला हिसडे, चपलांचा चुरा, गेट उघडं दिसलं की पसार. एकदा आईला फरफटत नेलं, तिचं कोपर सोललं. म्हणून ट्रेनर शोधला, हौस म्हणून नाही.

ट्रेनर घरी आला. हातात कलेजीचे तुकडे. दहा मिनिटांत ब्राउनीला बसवलं, झोपवलं, पंजा द्यायला लावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, या वयात कुत्रं घरच्याचं ऐकत नाही, परक्याचं ऐकतं. वयात येणारी पोरं करतात तेच. सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत हे चालायचंच. म्हणजे ज्या डेमोवर मी भाळलो, त्यात त्याची करामत नव्हतीच!

बुकिंग ५,०००. पंचेचाळीस दिवसांचं हॉस्टेल, म्हणजे कुत्रं त्याच्याकडंच ठेवून शिकवायचं, १८,०००. खुराक ४,५००. 'स्पेशल' पट्टा २,२००. दर वेळी यूपीआयवर वेगळंच नाव. विचारलं तर म्हणे, "सर, लिमिट संपलं, भावाचा नंबर आहे." पावती मागायची मलाच लाज वाटली. तुम्ही लाजू नका.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. त्या आठवड्यात त्याचा फोन आला, शेडमध्ये पाणी शिरलं, कुत्री हलवायची आहेत, ३,५०० टाका. टाकले. संध्याकाळी व्हिडिओ आला. पिवळा लॅब्राडोर पाठमोरा पळतोय आणि पायाखालून धूळ उडतीय.

धूळ! इकडं दुकानाच्या पायरीला पाणी लागलेलं. लेक म्हणाली, "बाबा, तिकडं पाऊस नाही का पडायला?" मी तिच्यावरच खेकसलो, "पत्र्याखाली असंल, गप बस." व्हिडिओवर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या मोबाइलमध्ये डोकं घालणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. दिसलं नाही म्हणण्यापेक्षा, बघायचं नव्हतं. पैसे गेलेले असले की माणूस असाच करतो.

पंचेचाळीस दिवस भरले, फोन लागेना. बार्शी रोडच्या पत्त्यावर गेलो तर बंद गोडाऊन. पोलिसांत जातो असा मेसेज टाकला, तेव्हा कुठलंसं पोरगं रिक्षातून ब्राउनीला आणून सोडून गेलं. १९ किलो. गळ्याभोवती बोटभर रुंद पट्टी, केस नसलेली.

ठाण्यात गेलो. "कुत्रं मिळालं ना परत? मग तक्रार कशाची?" मी म्हटलं, फसवणूक. साहेब म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले. तीन चकरा मारल्या तेव्हा अदखलपात्र नोंद झाली, तीही कुत्र्याचं वय चुकवून. सरकारी दवाखान्यात म्हणाले, आम्ही उपचार करतो, तक्रारी घेत नाही. क्रूरतेचं कलम लावा म्हटलं तर वकील हसले. कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास! माझे ३३,२०० गेले आणि त्याला पन्नास. एवढ्यात कलेजीसुद्धा येत नाही. आता ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. पण पुरावा म्हणून माझ्याकडं काय आहे, तर धुळीचा व्हिडिओ.

कुत्रं घेऊन जातो म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा. ट्रेनर घरी येऊन तुम्हाला शिकवणारा हवा, कारण साखळी शेवटी तुमच्याच हातात असते. ट्रेनर व्हायला कसला परवाना लागत नाही, सर्टिफिकेट भिंतीवर कुणीही लावतो. ठेवलंच कुठं, तर न सांगता जाऊन बघा.

आता ब्राउनी 'बस' म्हटलं की बसतो. बसतो आणि जागेवरच मुततो. लेक फडकं घेऊन पुसते. तो शब्द घरात आता कुणी काढत नाही, पाहुण्यांनासुद्धा आम्ही "टेका" म्हणतो.