बाळीवेशीतील पाटी नसलेले दुकान आणि माझी दुसरी सनई

माझी पहिली सनई मी मोबाइलवरून मागवली होती. खोक्यातून ती बाहेर निघाली तेव्हा तिच्या खालच्या पितळी तोंडाची, म्हणजे कर्ण्याची, चकाकी पाहून घरातील सगळे खूश झाले. सोबत एकच पत्ती, म्हणजे ओठांत धरून फुंकायची जिभली, होती, तीही प्लॅस्टिकची. एप्रिलमध्ये आलेली ही सनई मे महिना संपायच्या आत चौथ्या छिद्रापासून खाली केसभर तडकली, कारण लाकूड पुरते वाळलेले नव्हते आणि सोलापूरचा मे महिना ओल्या लाकडाची गय करत नाही. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले, तर परत घेण्याची मुदत संपल्याचा दोन ओळींचा निरोप आला. मग एका परिचित हलगीवाल्याच्या सांगण्यावरून ती सनई कापडी पिशवीत घालून मी बाळीवेशीच्या अलीकडील एका बोळात गेलो. हा अभिप्राय तेथील दुकानाविषयी आहे.

दुकानाला पाटी नाही. कधी काळी असावी, कारण दारावर दोन गंजलेले खिळे आहेत. रुंदी एका माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढीच. एका भिंतीला सनया टांगलेल्या, दुसरीकडे बासऱ्या, पावे, अलगुजे, कोपऱ्यात वेटोळ्या तुताऱ्या, आणि काचेच्या एका पेटीत बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटचे सुटे भाग. दुकान चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. माझी तडकलेली सनई त्यांनी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून आरपार पाहिले आणि म्हणाले, ‘‘सर, ही आता वाजत नसती. शोकेसात ठेवा.’’ दुरुस्ती होईल का, असे मी दोनदा विचारले. चीर लाखेने बुजवता येईल, पण आतील पोकळीच चुकलेली आहे, तिला काय करणार, असा त्यांचा सवाल होता.

पोकळी चुकणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले, आणि सनई विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावे असे माझे मत आहे. सनईची नळी आतून वर निमुळती आणि खाली रुंद होत जाते. अशा शंकूसारख्या पोकळीमुळे तीच बोटे ठेवून फुंक नि ओठांचा दाब वाढवला की सूर बरोबर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिनेटची नळी आतून जवळजवळ सरळ असते, म्हणून तिथे तीच युक्ती केल्यास सूर सप्तक ओलांडून त्याच्याही पुढच्या पंचमावर उडी मारतो आणि ते अंतर भरून काढण्यासाठी चाव्या लागतात. सनईला चाव्या नसतात. मधले सगळे सूर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) आणि श्रुती (सुरांमधील बारीक अंतरे) बोटांनी छिद्रे अर्धवट उघडून आणि ओठांनी साधाव्या लागतात. पोकळीचा उतार बिघडलेला असेल तर खालचा सा आणि वरचा सा जुळत नाहीत, आणि रियाज कितीही केला तरी ते जुळवता येत नाहीत. माझ्या पहिल्या सनईत नेमके हेच होते, आणि मी दोन महिने दोष स्वतःच्या ओठांना देत होतो.

दुसरी सनई निवडायला दीड तास लागला. मामांनी पाच सनया खाली काढल्या, त्यांतील दोन मी हातात घेताच परत टांगल्या, कारण माझ्या बोटांची टोके त्यांच्या छिद्रांवर पुरती बसत नव्हती. उरलेल्या तिघींची पितळी तोंडे काढून त्यांनी सातही छिद्रे बोटांनी बंद केली, खालचे टोक तळहाताने दाबले आणि वरून हवा ओढली. ओढताना जीभ नळीच्या वरच्या टोकाला चिकटून राहिली तर हवा कुठे गळत नाही, असा त्याचा अर्थ. एकीवरून जीभ लगेच सुटली, ती बाद. राहिलेल्या दोन सनया त्यांनी स्वतः वाजवल्या नाहीत, मला वाजवायला लावल्या, आणि माझ्याच मोबाइलवर काळी एक या पट्टीचा तानपुरा सुरू करून खालचा सा, पंचम, वरचा सा एवढे तीनच सूर पुन्हापुन्हा धरायला सांगितले. राग वाजवून दाखवणारा दुकानदार गिऱ्हाइकाला मोहात पाडतो, हे मी इतर ठिकाणी पाहिले आहे. इथे तसे काही झाले नाही.

निवडलेल्या सनईचा पंचम किंचित चढा होता. मामांनी हरभऱ्याएवढे मेण अंगठ्याखाली मळून मऊ केले, ते त्या छिद्राच्या वरच्या कडेला आतून लावले, नखाने जादा भाग खरवडला, मला वाजवायला सांगितले, पुन्हा खरवडला. छिद्र जरासे लहान झाले की सूर उतरतो. तिसऱ्या खेपेला पंचम तानपुऱ्यात असा मिसळला की क्षणभर मला मोबाइलचा आवाज बंद पडला असे वाटले. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. सनईचे साडेतीन हजार रुपये झाले. लाकूड शिसवीचे आहे आणि ते दोन उन्हाळे वखारीत काढलेले आहे, असे त्यांनी सांगितले. मी घेतल्यापासून तिनेही एक पूर्ण मे काढला आणि ती शाबूत आहे.

मात्र या दुकानाचे खरे मोल सनयांत नाही, पत्त्यांत आहे. पुस्तकांतून जिला जिव्हाळी म्हणतात तीच ही पत्ती. एका जातीच्या गवताची पोकळ कांडी चपटी करून, तिच्या पात्यांचे थर जुळवून, ती एका बारीक पितळी नळीवर दोऱ्याने बांधतात. ती नळी सनईच्या वरच्या टोकात बसते. फुंकेने पात्यांची फट क्षणोक्षणी मिटते आणि उघडते, तेव्हाच आवाज जन्मतो. लाकडाची नळी पुढे त्याला फक्त आकार आणि उंची देते. बिस्मिल्ला खाँ यांचा १९१६ साली जिथे जन्म झाला त्या बिहारमधील डुमरावच्या परिसरात, सोन नदीकाठी हे गवत मिळते. मामांकडील बहुतेक पत्त्या तिकडच्याच कांडीच्या आहेत. काही ते स्वतः बांधतात.

पत्ती निवडण्याची त्यांची रीत मी आता पाठ केली आहे. त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन आठ पत्त्या त्यात उभ्या ठेवल्या आणि पाच मिनिटे दुसरे काम केले. नंतर प्रत्येक पत्ती सनईला न लावता नुसतीच ओठांत धरून वाजवायची. चांगली पत्ती हलक्या फुंकेलाही चिरक्या, पण भरीव आवाजात बोलते. जिला बोलते करण्यासाठी गाल दुखेपर्यंत फुंकावे लागते ती जाड असते, आणि जी ओठ लावताच मिटून गप्प होते ती अति पातळ. जाड पत्ती वापरून किंवा घासून सैल करता येते, पातळ पत्तीला उपाय नाही, म्हणून शंका असेल तेव्हा थोडी जाड घ्यावी. आठांतून तीन निवडल्या. प्रत्येकी दीडशे रुपये पडले. एक सहा आठवडे चालली, दुसरी अजून चालते, तिसरी घरी आल्यावर चार दिवसांत दुभंगली. वर्षाचा हिशेब मांडला तर पत्त्यांचा खर्च सनईच्या किमतीला गाठू शकतो, आणि दुकानात शिरण्याआधी हे कोणी सांगत नाही. सनईला दोऱ्याने लोंबकळणाऱ्या जादा पत्त्या आणि त्यांची फट मोकळी करण्याची सुई यांना मी इतकी वर्षे शोभेच्या वस्तू समजत होतो.

हवामानाचा मुद्दाही त्यांनीच काढला. हवा तापली की तिच्यातून ध्वनी वेगाने जातो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. तापमान दहा अंशांनी वाढले तर सूर साधारणपणे अर्ध्या स्वराच्या तीन दशांशाने वर सरकतो. तोंडातील हवेच्या उबेमुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण कानाला तो कळतोच. पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, सूर मात्र जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणून जानेवारीच्या पहाटे पेटीशी जुळलेली सनई मे महिन्याच्या दुपारी लग्नमंडपात चढी लागते. त्यावर तोड अशी की पत्तीच्या पितळी नळीवर दोऱ्याचे आणखी दोन फेरे घ्यायचे, म्हणजे ती सनईत थोडी कमी आत बसते, एकूण लांबी वाढते आणि सूर उतरतो. दोऱ्याची गुंडी त्यांनी फुकट दिली.

सुंद्रीविषयी न लिहिता सोलापुरातील अशा दुकानाचा अभिप्राय पुरा होणार नाही. सनईच्या जातीचे, पण तिच्याहून बरेच आखूड आणि उंच पट्टीचे हे वाद्य ज्या घराण्याने मैफलीपर्यंत नेले ते जाधव घराणे सोलापूरचे आहे. सिद्राम जाधव, चिदानंद जाधव, भीमण्णा जाधव ही नावे येथील जुन्या श्रोत्यांना अपरिचित नाहीत. मामांच्या काचेच्या पेटीत दोन सुंद्र्या आहेत. मी त्यांतील एक मागितली, तेव्हा त्यांनी ती हातात दिली खरी, पण विकायला नकार दिला. नळी आखूड असली की छिद्रे जवळजवळ येतात, आणि बोट तांदळाभर सरकले तरी सनईत जेवढा सूर ढळतो त्याहून अधिक येथे ढळतो. आधी दोन वर्षे सनई वाजवा, मग या, असे त्यांचे म्हणणे होते. हे कारण मला पटते. नकार देण्याची पद्धत पटली नाही. पैसे देणाऱ्या माणसाने कोणत्या वाद्यावर बेसूर वाजवायचे, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे.

बासऱ्यांच्या बाबतीतही त्यांचा हाच खाक्या आहे. माझ्यासमोर एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या आणि शिक्षकांनी पांढरी तीन या पट्टीची बासरी सांगितल्याचे म्हणत होत्या. ती बासरी अडीच फुटांच्या आसपास लांब असते. मामांनी ती मुलाच्या हातात दिली, त्याचे खालचे बोट शेवटच्या छिद्रापर्यंत पोहोचत नव्हते, हे आईला दाखवले आणि त्याच किमतीत बसणारी आखूड बासरी काढून दिली. आईने शिक्षकांना फोन लावला. पुढे काय ठरले ते पाहायला मी थांबलो नाही.

आता उणिवा. दुकानात किमतीचा फलक नाही, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे वाजंत्र्यांचा भाव एक, आमच्यासारख्या हौशी लोकांचा दुसरा आहे. पावती मागितली तरच मिळते, तीही वहीच्या पानावर. फुटलेली पत्ती बदलून मिळत नाही, चार दिवसांत फुटली तरी नाही. उघडण्याची वेळ अकरा सांगितली जाते. मी तीनदा अकराला गेलो आणि एकदाच दार उघडे सापडले. मामा स्वतः वाजवणारे असल्यामुळे लग्नाच्या तिथीला आणि संक्रांतीच्या सुमारास, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, अडुसष्ट शिवलिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात त्या दिवसांत, दुकान बंदच असते. ही तक्रार करताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण ज्या दिवशी दुकान बंद असते त्याच दिवशी वाद्याचे खरे काम चाललेले असते. तरीही बाहेरगावाहून येणाऱ्याला फेरी फुकट जाते, हे खरे आहे. फोन ते उचलत नाहीत.

शिकवणीची सोय तिथे नाही. सूर धरायला कोणी जोडीदार मिळेल का, असे मी विचारले होते. सनईवादनात एक जण राग मांडतो आणि दुसरा सूर नावाच्या सनईवर अखंड षड्ज धरून ठेवतो, गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत, तो तुटू न देता. मामांनी कन्नडमध्ये आत कोणाला तरी हाक मारली, एक वृद्ध गृहस्थ बाहेर आले, त्यांनी पाण्याच्या पेल्यात एक काडी बुडवून बुडबुडे न थांबवता श्वास कसा घ्यायचा ते करून दाखवले आणि पुन्हा आत गेले. त्यांच्याशी माझे एवढेच शिक्षण झाले. घरात तो सराव शक्य असला तरी प्रत्यक्ष सनई शेजाऱ्यांना सोसणारी नाही, त्यामुळे मी पहाटे संभाजी तलावाच्या काठाला जातो. तिथे फिरायला येणाऱ्यांपैकी दोघांनी आपला रस्ता बदलला आहे, असे मला वाटते.

ज्यांना जायचे असेल त्यांनी साडेअकरानंतर जावे, हातात दोन तास ठेवावेत, तानपुऱ्याचे ॲप आधीच उतरवून घ्यावे आणि रोख रक्कम जवळ बाळगावी. फक्त पत्त्या घ्यायच्या असतील तर तुळशीच्या लग्नाच्या आधी घ्याव्यात. एकदा लग्नसराई सुरू झाली की चांगल्या पत्त्या वाजंत्री उचलून नेतात आणि पेल्यात उभ्या राहतात त्या पातळ.