नाणी की माल? डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये लूट कशात द्यावी

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे मित्रांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा साहसकथेचा खेळ. सोलापुरात त्याची नवी मोहीम, म्हणजे बैठकांमागून बैठका चालणारी कथा, मांडताय आणि पहिल्या गुहेतली लूट ठरवायची आहे, तर खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम समोर ठेवून हिशेब करा.

नाणी सोपी. 10 तांब्याची म्हणजे 1 चांदीचं, 10 चांदीची म्हणजे 1 सोन्याचं. इलेक्ट्रम (सोनं-चांदीच्या मिश्रणाचं नाणं) वगळाच, त्यानं नुसता गोंधळ वाढतो. कुठल्याही 50 नाण्यांचं वजन 1 पौंड. म्हणून 1000 सोन्याची नाणी 20 पौंड, साधारण 9 किलो. एकटा सहज नेतो. तीच रक्कम चांदीत 200 पौंड भरते, आणि ताकदीचा आकडा 10 असलेलं पात्र 150 पौंडच वाहून नेतं.

मालाची गंमत वेगळी. शस्त्रं-चिलखतं विकताना निम्मी किंमत येते, व्यापारी मालाला मात्र पूर्ण. केशर पौंडाला 15 सोन्याची, मिरी 2, गहू 1 तांब्याचं (ज्वारीलाही हाच भाव लावा, मंगळवेढ्याजवळ बसून गहूच कशाला?). 1000 सोन्याचं केशर 67 पौंड, मिरी 500. चौघांत वाटली तरी माणशी 125. मग शिधा, दोर, शस्त्रं कुठे ठेवणार? गाडी 15 सोन्याची, बैल 15, वर राखणदार. वाटेवरचे लुटारू आता उगाच येत नाहीत, मालासाठी येतात. मोहिमेत जीव येतो तो इथे.

सुती कापड चौरस वाराला 5 चांदीची. 60 बाय 90 इंची चादर चार वारांहून थोडी जास्त, म्हणजे 2 सोन्याची. नियमांतल्या व्यापारी मालाच्या तक्त्यात कापडाचं वजन दिलेलं नाही. घरातली चादर काट्यावर ठेवा आणि तोच आकडा वापरा.

माल फसतो तो भावामुळे. तक्त्यातली किंमत गावोगावी तीच ठेवली, तर मिरी इथून तिथे नेण्यात कमाई शून्य, आणि दुसऱ्या बैठकीत खेळाडू गाडी सोडून देतात. दुसरी चूक म्हणजे वीस जिनसा. मग सगळी संध्याकाळ बेरजेत जाते.

एका बैठकीचा खेळ असेल तर नाणीच द्या. तीन-चार गावं फिरणारी मोहीम असेल तर माल घ्या, पण तीनच जिनसा: मीठ, कापड, मिरी. मीठ किनाऱ्यावर पौंडाला 5 तांब्याची, आतल्या गावांत 8. कापड विणकरांच्या गावात चौरस वाराला 4 चांदीची, डोंगरात 7. मिरीचा भाव दर बैठकीला फासा टाकून ठरवा.