क्रोम सोडताय? मग फायरफॉक्स की ब्रेव्ह, माझं मत

क्रोम हा ब्राउझर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. ॲन्ड्रॉइड फोनवर तो आयताच मिळतो, पासवर्ड-बुकमार्क सगळं त्यातच साठलेलं असतं, त्यामुळे कशाला हलायचं असं वाटणं साहजिक आहे. पण हलायचं ठरलंच असेल आणि फायरफॉक्स की ब्रेव्ह यावर गाडी अडली असेल तर सांगतो, दोन्ही रोजच्या वापरात ठेवून बघितलेत. एज, ऑपेरा, विवाल्डी मी यात धरले नाहीत, ते आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तोच गूगलचा सांगाडा. तसा ब्रेव्हपण क्रोमियमच आहे म्हणा, पण तरी तो का धरला ते पुढे येतंय.

स्पीडवरून लोक तावातावाने भांडतात, मला तरी हाताला फारसा फरक जाणवला नाही. जुन्या फोनवर ब्रेव्ह थोडा हलका वाटला, पण ते माझ्या फोनपुरतंही असेल.

माझं ठरलं ते बातम्यांच्या साइट्समुळे. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, आपण उघडतो, की वरून जाहिरात, खालून 'आमचं ॲप घ्या'ची पट्टी, मधूनच नोटिफिकेशन हवं का ही विचारणा, एवढं सगळं बाजूला सारून 'पुढे वाचा'वर बोट टेकवावं तर नेमकं त्याच क्षणी वर काहीतरी लोड होऊन पान खाली सरकतं आणि बोट पडतं जाहिरातीवर. बॅक केलं की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होणार, म्हणजे परत तोच खेळ. बातमी असते चार ओळींची. डोकं फिरतं!

फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, सोयच नाही, त्यामुळे यावर तिथे इलाज नाही. कॉम्प्युटरवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन होतं, पण गूगलने मॅनिफेस्ट व्ही ३ हे एक्स्टेन्शन्सचे नवे नियम आणून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली त्यात तेही गेलं, आता क्रोमवर त्याची लाइट आवृत्ती मिळते. तीही बरी आहे, पण पूर्वीची सर नाही.

ब्रेव्हचा जाहिराती अडवणारा ब्लॉकर ब्राउझरच्या आतच बसवलेला आहे, म्हणून क्रोमियम असूनही त्याला या भानगडीची झळ लागत नाही. ॲप टाकलं की झालं, वेगळं काही करावं लागत नाही, हा मोठा प्लस पॉइंट. खटकतं एवढंच की सोबत क्रिप्टो वॉलेट, रिवॉर्ड्स वगैरे लटांबर येतं. बंद करता येतं सगळं, मान्य, पण मला बातमी वाचायचीय, ब्राउझरमध्ये वॉलेट कशाला?

फायरफॉक्सवर थोडे हात चालवावे लागतात. ॲन्ड्रॉइडवर डिसेंबर २०२३ पासून त्यांनी एक्स्टेन्शन्स बऱ्यापैकी मोकळी केलीत, यूब्लॉक ओरिजिन तर त्याच्याही आधीपासून चालतं, आणि लाइट नाही, पूर्ण. ते टाकायचं, मग त्याच्या सेटिंगमध्ये फिल्टर लिस्टमध्ये (काय काय अडवायचं त्याच्या याद्या) जाऊन 'अनॉयन्सेस'वाल्या, म्हणजे असल्या पट्ट्या-विचारणा अडवणाऱ्या लिस्टवर टिक करायची, त्या मुळात बंद असतात आणि बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत. एवढं करूनही एखादी पट्टी उरलीच तर यूब्लॉक उघडून ड्रॉपरचं चिन्ह दाबायचं, पट्टीवर बोट ठेवायचं, ती रंगते, 'क्रिएट' केलं की गेली, आणि परत त्या साइटवर गेलात तरी दिसत नाही. हे पहिल्यांदा केलं तेव्हा जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. मी फायरफॉक्सवर राहिलो तो खरं तर याच एका चिन्हामुळे.

त्रास अगदीच नाही असं नाही. एका सरकारी पोर्टलवर फॉर्म पूर्ण भरल्यावर सबमिटचं बटण नुसतंच फिरत बसलं, तोच फॉर्म क्रोममध्ये लगेच गेला. त्यामुळे क्रोम फोनवर ठेवलाय, असल्या कामांपुरता. आणि गूगलला टाळायचं म्हणून फायरफॉक्सकडे येत असाल तर हेही माहीत असू द्या की फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलच्या सर्च डीलमधूनच येतं, म्हणजे फायरफॉक्समध्ये गूगल सर्च आधीपासून लावून ठेवण्याच्या पैशातून. चालायचंच.

आयफोनवाल्यांनी यातलं फार मनावर घेऊ नये. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आतलं इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा भाग, ॲपलचं वेबकिटच, फायरफॉक्समध्ये यूब्लॉक टाकताच येत नाही, तिथे ब्रेव्हच बरा.

पासवर्डचं टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स क्रोममधून बुकमार्क वगैरे स्वतःच उचलतो, पासवर्ड तसे आले नाहीत तर क्रोममधून त्यांची सीएसव्ही फाइल (साधी यादी) काढून फायरफॉक्सला द्यायची, मग सिंक चालू केलं की फोनवर येतं. ती फाइल काम झाल्यावर आठवणीने डिलीट करा, त्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.

बाबांच्या फोनवर मात्र मी ब्रेव्हच टाकून दिलाय. ड्रॉपर आणि लिस्ट त्यांना समजावत बसणं माझ्याच्याने झालं नसतं.