हाय वान घाट: हँडल आपल्या हातात की डबलसीट?

व्हिएतनामला जायचं ठरलं आणि घरात कोणी बाइकवेडं असलं, की मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे ते होई आन या दोन शहरांमधल्या बाइकप्रवासाचा एक दिवस यादीत येतोच. मधे हाय वान घाट आहे. साधारण २१ किलोमीटरचा रस्ता, माथा ४९६ मीटरवर, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. जायचं हे पक्कं असतं, घोडं अडतं ते कसं जायचं यावर. स्थानिक गाइडच्या मागे डबलसीट बसायचं, गाइड पुढे ठेवून आपण स्वतःची गाडी चालवायची, की गाइडची कटकटच नको म्हणून गाडी भाड्याने घेऊन निघायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो: भारतीय परवाना खिशात असलेल्याने डबलसीट बसावं. हे लिहिताना मला आनंद होत नाही. मी मागे बसलो की माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. पण इथे कारणं तशी आहेत.

आधी रस्त्याबद्दल. २००५ साली घाटाखालून ६.२८ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि गाड्या, ट्रक, बस सगळं तिकडे वळलं. दुचाकींना बोगद्यात परवानगी नाही. ज्यांना घाट टाळायचा असतो त्यांची गाडी ट्रकवर चढवून पलीकडे नेतात. त्यामुळे वरचा जुना रस्ता उरला तो दुचाकीवाल्यांना, पर्यटकांच्या वाहनांना आणि बोगद्यात मज्जाव असलेल्या इंधनाच्या टँकरना. डांबर चांगलं, वळणं रुंद. ज्याने पावसाळ्यात आपल्याकडचे घाट चालवलेत त्याला हाय वान अवघड वाटणार नाही. खरी कसोटी घाटाच्या आधी आणि नंतर आहे. राष्ट्रीय महामार्ग १ वर ट्रकच्या रांगा लागलेल्या असतात आणि घाटापलीकडच्या दा नांग शहरात चौकाचौकात दुचाक्यांचा पूर येतो. ही वाहतूक उजव्या बाजूने चालते. सरळ रस्त्यावर तासाभरात सवय होते, पण डावीकडे वळताना, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना किंवा फोटोला थांबून पुन्हा निघताना हात आपोआप गाडी चुकीच्या लेनमध्ये घालतात. हे थकल्यावर जास्त होतं, म्हणजे नेमकं दिवस संपताना, जेव्हा दा नांगची गर्दी समोर येते.

आता परवाना, कारण सगळा निर्णय शेवटी इथेच येऊन थांबतो. आपण आरटीओतून जो आंतरराष्ट्रीय परवाना काढतो तो १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो. व्हिएतनाम मानतो तो १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचा. दोन्ही पुस्तिका दिसायला सारख्याच, शिक्के तेवढेच रुबाबदार, पण तिथल्या कायद्याच्या दृष्टीने आपली पुस्तिका चालत नाही. गाडी भाड्याने देणारा हे सांगत नाही, तो पासपोर्टची झेरॉक्स घेऊन हसतमुखाने किल्ली देतो. जानेवारी २०२५ पासून दंडाचे आकडेही वाढले आहेत. १२५ सीसीपर्यंतची दुचाकी परवान्याशिवाय चालवली तर २० ते ४० लाख डोंग (तिथलं चलन), त्याहून मोठी असेल तर ६० ते ८० लाख. गाडी जप्त झाली तर भाड्याचे दिवस चढतात ते वेगळेच.

दंड भरून माणूस सुटतो, विम्याचं तसं नसतं. त्या देशात वैध नसलेल्या परवान्यावर गाडी चालवताना अपघात झाला, तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. पायाचं हाड मोडलं तरी रुग्णालयाचं बिल आपल्याच खिशातून. आणि 'आमच्यासोबत गाइड असतो, काळजी करू नका' हे वाक्य सहल विकणारे ज्या सहजतेने म्हणतात, त्याला फसू नका. गाइड पुढे असल्याने रस्ता चुकत नाही, पोलिसांशी बोलायला माणूस असतो, पंक्चर निघतं. आपला परवाना मात्र त्याने वैध होत नाही. म्हणजे कागदाच्या बाबतीत 'गाइड पुढे, आपण मागे' आणि 'एकटेच' हे दोन पर्याय अगदी एकाच पारड्यात आहेत.

पळवाट एक आहे. ५० सीसीच्या आतल्या गाडीला तिथे परवाना लागत नाही. पण सामान लादून, सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मधे घाट, आणि मागून महामार्गाचे ट्रक. एकट्या हलक्या माणसाने, भरपूर वेळ हाताशी ठेवून केलं तर जमेल. दोघांनी एका गाडीवर तर विचारही करू नये.

ज्यांच्याकडे चालणारा परवाना आहे, म्हणजे युरोपातल्या किंवा इतर कुठल्या, पण १९६८ चा करार मानणाऱ्या देशात राहून तिथला दुचाकीचा परवाना आणि त्यावरचा आंतरराष्ट्रीय परवाना काढलेले मराठी लोक, त्यांच्यासाठी गणित बदलतं. त्यांनी गाइडमागून स्वतः चालवणं हाच या रस्त्याचा सगळ्यात चांगला उपभोग आहे, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांनी गाडी मात्र बघून घ्यावी. भाड्याने सर्रास मिळतात त्या ११० सीसीच्या, पायाने गिअर बदलायच्या पण क्लच नसलेल्या गाड्या. आपल्याला त्या दोन मिनिटं विचित्र वाटतात, मग फार सोयीच्या. उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं. ऑटोमॅटिक स्कूटरला ती सोय जेमतेम, सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून सुटतात. दा नांगच्याच सोन त्रा द्वीपकल्पावर चढाच्या रस्त्यांना ऑटोमॅटिक स्कूटरना बंदी आहे ती याच कारणाने. म्हणून सहलवाल्याने 'मॅडमसाठी सोपी स्कूटर' देऊ केली तर मॅडमनी नम्रपणे नकार द्यावा.

आता डबलसीटची बाजू, जिला बाइकवाले उगाच कमी लेखतात.

व्हिएतनाममध्ये या गाइडना 'इझी रायडर' म्हणतात. हा प्रकार मुळात दा लात या डोंगराळ शहरातला, आणि नंतर हे नाव इतकं लोकप्रिय झालं की आता प्रत्येक शहरात प्रत्येकजण इझी रायडर आहे. त्यामुळे नावावर जाऊ नका, माणसाशी आधी बोलून घ्या. चांगला गाइड मिळाला तर तो दिवस निव्वळ प्रवास राहत नाही. ह्वेहून निघून तो महामार्ग टाळतो आणि थुआन आनवरून समुद्र आणि खाजण यांच्यामधल्या अरुंद पट्टीवरून नेतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे ताम जियांग-काउ हाय हे २२ हजार हेक्टरांच्या आसपास पसरलेलं खाजण. याच पट्टीवर आन बांग गाव आहे. तिथली माणसं परदेशात गेली आणि त्यांनी पाठवलेल्या पैशातून गावात पूर्वजांच्या थडग्यांचं एक भलंमोठं, रंगीबेरंगी नगर उभं राहिलं: ड्रॅगनचे खांब, मोझेकच्या भिंती, कमानी. जिवंत माणसांची घरं त्यापुढे साधी वाटतात. नकाशावर ठिपका शोधून आपणही तिथे पोचू, पण कोणत्या थडग्यामागे कोणी पाठवलेले पैसे आहेत हे कोणी सांगितल्याशिवाय ते फक्त फोटो राहतात.

मग घाटाच्या पायथ्याचं लांग को. इथे लाप आन खाजणात कालवं वाढवतात, आणि त्यासाठी जुने टायर पाण्यात सोडतात. ओहोटीला काळ्या टायरांच्या रांगा उघड्या पडलेल्या दिसतात. स्वतः हँडल धरलं असतं तर हे मला दिसलंच नसतं, कारण तेव्हा माझी नजर पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकावर असती. घाटातही तेच. वळणावर नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची हा नियम पाळणारा चालक समुद्र बघत नाही, बघूही नये. मागे बसलेला पूर्ण वेळ बघतो. उलट बाजूही सांगायला हवी: मागच्या सीटवर पाच-सहा तास, थांबत थांबत का होईना, काढायचे तर कंबर बोलते. पाठीचं दुखणं असेल, उंची किंवा वजन जास्त असेल तर गाडी १५० सीसीच्या आसपासची आणि सीट लांब आहे ना, हे आधी विचारा. सामान सीटमागच्या कॅरिअरला बांधतात तेव्हा तीच बॅग पाठीला टेकू होते, ही अनपेक्षित चैन.

जोडप्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डबलसीट म्हणजे दोन गाइड, दोन गाड्या, आणि तुम्ही दोघं वेगवेगळ्या गाड्यांवर. पैसे दुप्पट होतात आणि 'ते बघ' म्हणायला शेजारी कोणी नसतं. काहींना हे आवडणार नाही. काहींना फार आवडेल. चौघं असाल तर गाइडसह जीप किंवा मोटार माणशी स्वस्त पडायची शक्यता असते, आणि ती घाटमार्गेच जाणार का, की चालक वेळ वाचवायला बोगद्यात घालणार, हे मात्र लेखी घ्या.

घाटमाथ्यावर १८२६ साली, मिन्ह मांग बादशहाच्या काळात बांधलेला दरवाजा आहे. डागडुजी होऊन तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. त्याच्या एका बाजूला 'हाय वान क्वान' आणि दुसऱ्या बाजूला 'जगातली सर्वांत भव्य खिंड' अशा अर्थाची अक्षरं आहेत. शेजारी फ्रेंच आणि अमेरिकी काळातले काँक्रीटचे बंकर. इथे पर्यटकांच्या सगळ्याच बस थांबतात, त्यामुळे वीस मिनिटं पुरेत. गाइड असेल तर तो थोडं खाली, गर्दी नसलेल्या वळणावर थांबवतो.

हवामानाचं म्हणाल तर हाय म्हणजे समुद्र आणि वान म्हणजे ढग. नावातच इशारा आहे. डोंगराची ही सोंड समुद्रात घुसून उत्तरेचे वारे अडवते, म्हणून एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला ऊन असं एकाच तासात दिसू शकतं. सप्टेंबर ते डिसेंबर हा या भागातला पावसाचा काळ, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर जोराचे. म्हणजे आपली दिवाळीची सुटी नेमकी वाईट वेळी पडते. त्या दिवसांत मी बाइकचा कुठलाच पर्याय आधीपासून पैसे भरून घेणार नाही. ह्वे-दा नांग रेल्वे घाटाच्या पायथ्याने, समुद्राला चिकटून जाते, साधारण अडीच-तीन तास घेते आणि पावसातही सुंदर दिसते. ह्वेहून निघताना डाव्या बाजूची खिडकी मागा. मार्च ते ऑगस्ट मात्र बाइकच. उन्हाळ्यात ऊन कडक असतं, पूर्ण बाह्या घाला, सनस्क्रीनवर विसंबू नका.

बहुतेक लोक ह्वेहून होई आनकडे जातात, कारण गाइडही तीच सहल विकतात. गाडी उजव्या बाजूने चालत असल्याने दक्षिणेला जाताना तुम्ही डोंगराच्या कडेला असता आणि समुद्र पलीकडच्या लेनच्या पल्याड. उलट, होई आनहून ह्वेला गेलात तर समुद्राची कड तुमच्याच बाजूला येते. फोटोसाठी लेन ओलांडावी लागत नाही. स्वतः चालवणाऱ्याने तर ही दिशा जरूर विचारात घ्यावी. सूर्य सकाळी समुद्रावरून येतो, पाणी चमकून पांढरं दिसतं. दुपारनंतर ऊन डोंगरामागून पडतं तेव्हा पाण्याचा खरा रंग कळतो. त्यामुळे निघायची घाई पहाटे पाचला करण्यापेक्षा मधले थांबे लांबवले तरी बिघडत नाही, फक्त शहरात अंधार पडायच्या आत शिरावं.

पैसे भरण्याआधी गाइडला विचारायचं ते असं: रस्ता महामार्गाचा की खाजणाच्या पट्टीचा, सामान गाडीवर की वेगळ्या वाहनातून, पाऊस आला तर सहल रद्द की तारीख बदलून, आणि हेल्मेट कसलं. तिथे सर्रास वापरतात ते अर्ध्या डोक्याचं टोपीसारखं हेल्मेट महामार्गावर नको; निदान कान झाकणारं मागा. शाकाहारी असाल तर 'आन चाय' हे दोन शब्द पुरतात, ह्वे बौद्धांचं शहर असल्याने तिथे त्यांचा अर्थ सगळ्यांना नीट कळतो. लांग कोला मात्र सगळं समुद्रातलंच, तेव्हा शाकाहारी जेवण गाइडला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा.