बॉरोडेलच्या पावसात तपासलेलं हलकं वॉटरप्रूफ जॅकेट: वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात घेतलेलं हे जॅकेट ऑगस्ट संपत आला तरी माझ्या पळण्याच्या बॅगेतून बाहेर निघालेलं नाही. हिवाळाभर सराव झाला, वसंतात छोट्या शर्यती झाल्या आणि या महिन्यात बॉरोडेलची फेल रेस भर पावसात पार पडली. आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिता येईल. कंपनीचं नाव देत नाही, कारण यातलं बरंचसं या प्रकारच्या कुठल्याही जॅकेटला लागू आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: फेल म्हणजे उत्तर इंग्लंडातले बोडके, गवताळ, दलदलीचे डोंगर. त्यांच्यावरच्या मोठ्या शर्यतींत रस्ता आखलेला नसतो. ठरलेल्या चेकपॉइंटांवर हजेरी लावायची, मधली वाट नकाशा आणि होकायंत्र घेऊन आपली आपण काढायची. लेक डिस्ट्रिक्टमधली बॉरोडेल त्यातली मानाची. अंतर 17 मैल, चढाई 6500 फूट, म्हणजे आतकरवाडीतून सिंहगड तीनदा चढून वर आणखी थोडं. रॉस्थवेट गावातून सुटायचं, बेसीबूट, एस्क हॉज, इंग्लंडचं सर्वोच्च शिखर स्कॅफेल पाइक, स्टायहेड, ग्रेट गेबल, होनिस्टर खिंड आणि डेल हेड करून परत रॉस्थवेट. नामांकित फेल धावपटू बिली ब्लँड याच खोऱ्यातला. त्याने 1981 साली ही शर्यत 2 तास 34 मिनिटं 38 सेकंदांत संपवली होती. पावसात तो मार्ग पायाखाली घातल्यावर या आकड्याबद्दलचा माझा आदर कितीतरी पटींनी वाढला.

आता जॅकेट. अडीच थरांचं कापड (बाहेरचं कापड, त्यामागे पाणी अडवणारा पडदा आणि आतून अस्तराऐवजी नुसता पातळ लेप, तो अर्धा थर), माझ्या काट्यावर वजन 190 ग्रॅम, घडी मुठीहून थोडी मोठी, किंमत दीडशे पौंडांच्या आसपास. सगळ्या शिवणींवर आतून टेप आणि टोपी जॅकेटलाच जोडलेली. या शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर मोठ्या शर्यतीत सुरुवातीच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचता येत नाही. किट तपासणीला जॅकेट उलटं करून खांद्याच्या शिवणी बघतात. वारा अडवणारं पातळ विंडचीटर तिथे चालत नाही. सोबत पूर्ण पायाची वॉटरप्रूफ पँट, डोक्याला वेगळी टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी आणि अडीअडचणीचं खाणंही दाखवावं लागतं. हा सगळा संसार कमरेच्या बॅगेत बसवायचा, म्हणून घडीचा आकार मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुण्याकडच्या मित्रमैत्रिणींचा नेहमीचा प्रश्न: “आपण भर जुलैत राजगड भिजत करतो की, तिथल्या पावसाला एवढं काय?” प्रश्न रास्त आहे. होनिस्टर खिंडीत 5 डिसेंबर 2015 ला चोवीस तासांत 341.4 मिलिमीटर पाऊस झाला आणि तो ब्रिटनचा विक्रम ठरला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता. पावसाच्या मापात आपण कुठेच कमी नाही. फरक तापमानाचा आणि वाऱ्याचा आहे. सह्याद्रीतला पाऊस बऱ्यापैकी उबदार असतो. भिजलो तरी चालत राहिलं की अंग गरम राहतं, आणि तासाभरात खाली एखाद्या घरी चहा मिळतो. इथे शर्यतीच्या दिवशी, ऑगस्टात, खोऱ्यात 13 अंश होते. उंचीबरोबर तापमान किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे 978 मीटरच्या स्कॅफेल पाइकवर सात. त्यात ताशी साठ किलोमीटरचा वारा धरला तर कातडीला जाणवतं ते एक अंश. आणि हे कोरड्या कातडीचं गणित झालं. ओले कपडे अंगाला चिकटले की उष्णता याहून झपाट्याने जाते. पळताना स्नायू ती भरून काढतात. पाय मुरगळला, रस्ता चुकला किंवा पोटातलं खाणं संपून वेग मंदावला की भरणं थांबतं आणि गळती चालूच राहते.

त्यामुळे या जॅकेटकडून मी एकच अपेक्षा ठेवते: वारा बाहेर आणि ऊब आत. कोरडं ठेवण्याची अपेक्षा मी सोडून दिली आहे आणि तुम्हीही सोडा. दुकानातल्या पट्टीवर वीस हजार मिलिमीटरचा आकडा असतो, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड अडवतं. तो कापडातून पाणी आत शिरण्याबद्दल खरं सांगतो, पण घामाबद्दल काहीच सांगत नाही. घामाची वाफ कापडातून बाहेर जायला आत दमटपणा जास्त आणि बाहेर कमी लागतो. ढगात पळताना बाहेरची हवाच पाण्याने गच्च असते. त्यात बाहेरचं कापड भिजून जड झालं की वाफेची वाट जवळजवळ बंद होते. चढावर मी आतून ओली होतेच, पण ते ओलेपण कोमट असतं, आणि तेवढं पुरतं.

शर्यतीत बेसीबूटपर्यंत मी जॅकेट घातलं नाही. सुरुवातीचा तो चढ इतका उभा आहे की बारीक पावसात नुसत्या लोकरीच्या पातळ बनियनवर अंगातून वाफा निघत होत्या. आमच्या क्लबमध्ये साठी ओलांडलेल्या एक बाई आहेत. डोंगरांत त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी मला हिवाळ्यातच बजावलं होतं की जॅकेट थंडी वाजायच्या आधी घालायचं, वाजायला लागल्यावर बोटं चेन लावू देत नाहीत. ग्लॅरामाराच्या बाजूने एस्क हॉजकडे जाताना समोरची सोंड ढगात गेली, पाऊस आडवा झाला आणि मी एका खडकाच्या आडोशाला थांबून जॅकेट चढवलं. हातमोज्यांसकट. ते जमलं कारण चेनच्या पट्टीला मी हिवाळ्यातच जाड दोरीचा बोटभर फास बांधून घेतला होता. कंपनीने दिलेली पट्टी नखाएवढी आहे, ओल्या हातमोज्यांत सापडतच नाही. कुठलंही जॅकेट घ्या, हा फास पहिल्याच दिवशी बांधा.

एस्क हॉजच्या पुढे धोंड्यांचं रान लागतं, आणि ओल्या धोंड्यांवर पळणं हा शब्द फारसा खरा नाही. तिथे टोपीने मन जिंकलं. मागे एक दोरी आहे, ती ओढली की टोपी डोक्याबरोबर वळते. समोरच्या छज्जात बारीक तार आहे, त्यामुळे डोळ्यांवर थेट धार येत नव्हती आणि पाय कुठे पडतोय ते दिसत होतं. माझ्या आधीच्या जॅकेटची टोपी अशा वाऱ्यात फुगून मागे पडायची. त्रास एकच, कापडाची फडफड कानाशी इतकी मोठी की पंधरा पावलांवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. शिखरावर स्वयंसेवक आमचे नंबर लिहून घेत होते, तेव्हा प्रत्येकीला टोपी मागे सारून नंबर सांगावा लागत होता. ती माणसं तिथे तासन्‌तास उभी राहतात. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

शिखरावरून ढगात चुकीच्या बाजूला उतरणं फार सोपं आहे. मी होकायंत्र लावून दिशा घेतली, घसाऱ्यावरून खाली कॉरिडॉर रूटला लागले आणि स्टायहेड गाठलं. ग्रेट गेबलच्या चढावर वारा पाठीशी होता. जॅकेटची चेन छातीपर्यंत उघडली, वर पोचायच्या आधी पुन्हा बंद केली. होनिस्टरला पोचेपर्यंत बाह्यांचं बाहेरचं कापड पार भिजून काळं पडलं होतं, खांद्यांवरून पाणी ओघळायचं बंद होऊन मुरायला लागलं होतं. तरी आत मी उबदार होते, बोटं शाबूत होती, खाण्याचं पाकीट दातांनी न फाडता उघडलं. डेल हेडचा चढ मग माझ्या पायांचा आणि माझा प्रश्न उरला, जॅकेटचा नाही.

2008 च्या ऑक्टोबरात याच खोऱ्यात दोन दिवसांची एक मोठी डोंगरी शर्यत वादळी पावसामुळे पहिल्याच दिवशी थांबवावी लागली होती. अडीच हजारांवर धावपटू डोंगरांत विखुरले होते. कित्येकांनी होनिस्टरच्या स्लेटच्या खाणीत आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यांत रात्र काढली. जीव कुणाचाही गेला नाही, आणि त्यात माणसांनी पाठीवर वाहिलेल्या सामानाचा मोठा वाटा होता असं मला मनापासून वाटतं. म्हणून किट तपासणीवर कुरकुर ऐकली की मला वाईट वाटतं.

आता उणिवा. अडीच थरांच्या कापडाची आतली बाजू उघड्या कातडीला चिकटते. अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टवर हे घालू नका, आत लांब बाह्यांचं पातळ काहीतरी हवंच. छातीवरच्या खिशात घडी घातलेला नकाशा मावत नाही, ही या कामासाठी बनवलेल्या जॅकेटमध्ये न पटणारी गोष्ट आहे. मनगटाच्या वेल्क्रोत गवताचे तुसे अडकून तो आता अर्धाच धरतो. सगळ्यात गंभीर म्हणजे उजव्या खांद्यावर, जिथे सरावातल्या बॅगेचा पट्टा घासतो, तिथली शिवणीची टेप दोन बोटं उचलली गेली आहे. पाणी अजून आत येत नाही, पण पुढच्या तपासणीआधी ती चिकटवून घ्यावी लागेल. या किमतीला टेप निदान दोन हिवाळे टिकायला हवी.

देखभालीबद्दल लोक फार हयगय करतात. नेहमीची कपड्यांची पावडर आणि सॉफ्टनर या कापडाला बाधतो. पावडरीचा अंश कापडावर राहतो आणि तोच पाणी ओढून घेतो. मी निकवॅक्सच्या टेक वॉशने, म्हणजे वॉटरप्रूफ कपड्यांसाठीच्या खास साबणाने धुते, लेबलवर परवानगी आहे म्हणून मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवते. उष्णतेने पाणी झटकणारा लेप पुन्हा जागा होतो आणि थेंब मोत्यांसारखे घरंगळायला लागतात. फेब्रुवारीत जॅकेट निकामी झालं की काय अशी शंका आली होती, ती एका धुण्यात गेली.

सह्याद्रीत पावसाळ्यात पळण्यासाठी हे मागवू का, असं बऱ्याच जणांनी विचारलं आहे. नका मागवू. तिथल्या दमट उबेत पाच मिनिटांत आत घामाचं तळं होईल आणि करवंदीच्या काट्यांपुढे हे कापड टिकणार नाही. साधं विंडचीटर आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा टीशर्ट तिथे पुष्कळ झाला. हिमालयात, किंवा इकडे येऊन डोंगरात पळणार असाल तर मात्र जरूर घ्या, आणि नेहमीपेक्षा एक माप मोठं घ्या: कमरेच्या बॅगेवरून घातलं तर बॅग कोरडी राहते आणि वाऱ्यात जॅकेट न काढता आतून खाणं काढता येतं. बायकांच्या मापात कंबर जास्त आवळलेली आहे, म्हणून मी पुरुषांचं लहान माप घेतलं. बाह्या थोड्या लांब आहेत. थंडीत त्या हातमोज्यांवर ओढून घेते.